छाट

पहिल्यांदा लिहिलं नुसतं: विडी वळणारे हात.
यंत्राने चार चित्रं दिली.
चारही बायका लग्नाला निघाल्यासारख्या,
विडीच्या जागी सिगार,
आणि एकीला सहा बोटं.

जनार्दन चिलवेरी म्हणाला, तू गोष्ट सांगलालास बे,
गिऱ्हाइकाला गोष्ट नको, जागा पाहिजे.
उजेड कुठनं येतो ते लिही,
काय नको ते आधी लिही.
त्याच्या पणत्यांची चित्रं परदेशात खपली म्हणे,
त्या पैशात त्याने
घरच्या टाकीवर मोटर बसवली.

मग बसलो दारात, विडी घरकुलात,
पाण्याचा दिवस नव्हता, गल्ली शांत होती.
अम्माकडे बघत एकेक शब्द इंग्रजीत चढवला,
दहावीपुरतंच माझं इंग्रजी:

साठीच्या बाईचे हात. फक्त हात.
डावा अंगठा उजव्यापेक्षा चपटा.
नखांत तंबाखूचा रंग. मळ नव्हे, रंग.
मांडीवर सूप, सुपात कात्री,
कात्रीच्या मुठीला चिंधी गुंडाळलेली.
पत्र्याच्या भोकातून एक तिरीप, दुपारी तीनची.
देवाचा फोटो नको. जरीकाठ नको.
हसू नको.
बोटं पाच.
परत लिहिलं, पाच.

काय लिवलालास रे?
तुझे हात, अम्मा.
त्यापेक्षा ती दोऱ्याची रिळ दे इकडं.

नान्ना चादरीच्या कारखान्यात पुठ्ठ्याला भोकं पाडायचा.
भोक असलं तर धागा वर, नसलं तर खाली,
एवढ्यावर मोर उभा राहायचा,
मान, तुरा, पायाखालची वेल.
खरा मोर त्याने एकदाच बघितला, नान्नजच्या माळावर,
सायकल थांबवून बघितला बराच वेळ
आणि म्हणाला,
पिसारा लई भरलाय. विणायला परवडणार नाही.

त्या रात्री एक चित्र आलं
की माझाच हात थांबला.
तसाच अंगठा, तशीच तिरीप, चिंधीसुद्धा.
अम्मापुढे मोबाईल धरला.
तिने चष्मा पदराला पुसला,
लांब धरून बघितलं, जवळ धरून बघितलं.
हात बरे आहेत, म्हणाली.
पण या बाईला काम येत नाही.
पानाची शीर आडवी ठेवलीय.
ही विडी वळणारच नाही,
वळली तर उकलेल.

ऐकून पुढची ओळ घातली,
शीर उभी, पानाच्या लांबीत.
सतरा वेळा घातली.
अठराव्याला पान सरळ झालं,
अंगठाही राहिला जागेवर.
पहाटे दोन्ही चित्रं पाठवून दिली,
आडव्या शिरेचं आणि उभ्या.

उभ्या शिरेचं परत आलं.
कारण एका ओळीत: दर्जा पुरेसा नाही.
आडवं घेतलं त्यांनी.
अकरा जणांनी विकत घेतलं आतापर्यंत,
कुठल्या देशात, कुठल्या जाहिरातीला, कळत नाही,
हाताखाली काय छापलं तेही.
पैसे जमा झाले तेव्हा
मी शेंगाचटणी आणि कडक भाकरीचं पुडकं आणलं
आणि बाकीचे तिच्या उशीखाली ठेवले.

तिने मोजले नाहीत.
विचारलं, तुमच्यातही छाट काढतात?
काढतात, म्हटलं. चाळीसातली एकतीस.
चेकर कोण आहे?
माणूस नाही बहुतेक.

अम्मा कारखान्यात गेली तीस वर्षं
छाटीवरून भांडत आली आहे.
चेकरच्या आईपर्यंत जाते,
मूठभर विड्या त्याच्या टेबलावर आपटते,
शंभरातल्या दहा तरी परत मिळवते,
आणि येताना त्याच्याच पुडीतली सुपारी खाऊन येते.

ती बराच वेळ चित्राकडे बघत होती.
मग सूप ओढलं मांडीवर,
पान उचललं, शीर उभी धरली.

माणूस नाही, म्हणाली.
मग तुम्ही भांडता कुणाशी?